माळावरचे आठ पूर

खड्डा माझ्या गळ्याएवढा खोल होता आणि मी त्यात उभी राहून पूर मोजत होते. एक, दोन, तीन... आठ. खड्ड्याच्या भिंतीवर पिवळसर गाळाचे आठ पट्टे, एकावर एक, दोन-दोन बोटं जाड. प्रत्येक पट्ट्याच्या माथ्यावर एक काळपट रेघ. मी तिथूनच आमच्या साटम सरांना फोन लावला.

"सर, आठ आहेत!"

"काय आठ?"

"पूर. लाल रेषेच्या वर."

सर म्हणाले, "फोटो पाठव. आणि तारखा येईपर्यंत कोणाशी बोलू नकोस."

पहिलं मी केलं. दुसरं केलं नाही.

आता हे प्रकरण काय होतं ते सांगते. वालावलच्या वरच्या अंगाला कर्ली नदीला एक लहान नदी मिळते. तिचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, कारण फाईल अजून बंद झालेली नाही. या नदीच्या काठाला खालची वाडी. बावीस घरं. जुलैत पाणी उंबऱ्याशी येतं, जोर असला तर चुलीपर्यंत. या बावीस घरांना वरच्या माळावर प्लॉट द्यायचे असं ठरलं. प्लॉटच्या चार ओळी आखल्या गेल्या. प्रकल्पाच्या इंजिनिअर साहेबांनी नकाशावर लाल रेषा मारली आणि सांगितलं, माळ रेषेच्या वर आहे, घरं बांधा. ग्रामपंचायतीतल्या काहींना शंका आली. त्यांनी ठराव करून दुसरं मत मागवलं आणि ते काम आमच्याकडे आलं. आमच्याकडे म्हणजे साटम सर, मी आणि कुडाळातलं दोन खोल्यांचं ऑफिस. सर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मी भूगर्भशास्त्र शिकलेली, पण या नोकरीआधी दोन वर्षं खाडीतल्या रेती उपशाविरुद्ध एका गटात पत्रकं लिहायचे. पत्रकाला तीन गोष्टी लागतात: आकडा, आरोपी आणि उद्गारचिन्ह. ती सवय इतक्यात गेलेली नव्हती.

लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांच्या पुराची रेषा. लोकांना वाटतं, हा पूर शंभर वर्षांतून एकदा येतो, आणि एकदा येऊन गेला की आपण सुटलो. तसं नसतं. डब्यात शंभर खडखडे लाडू, म्हणजे आमचे कडक लाडू, आहेत आणि त्यातला एक दगडाचा आहे, असं समजा. दरवर्षी डोळे मिटून एक उचलायचा, बघायचा आणि परत डब्यात टाकायचा. यंदा दगड लागला म्हणून पुढच्या वर्षी लागणार नाही असं काही नाही.

पण डब्यात दगड किती, हे कोणी ठरवलं? इथे माझं डोकं फिरलं होतं. या नदीची पाणीपातळी मोजणारं केंद्र वयाने माझ्यापेक्षा थोडंच मोठं. तेवढ्या नोंदीवरून शंभर वर्षांचा पूर काढायचा! आणि त्या नोंदीतही दोन पावसाळे कोरे. का? तर पूर आला आणि मोजायची पट्टीच वाहून गेली. ज्या दिवसासाठी पट्टी लावली होती तोच दिवस नोंदीत नाही. अहवालात त्या जागी सरासरी भरलेली. सरासरी! पट्टी उपटून नेणाऱ्या पाण्याची सरासरी!

म्हणून सरांनी मला खड्डे खणायला पाठवलं. कागद नसले तरी जमिनीत नोंद असते. मोठा पूर गढूळ असतो. जोरात वाहणारं पाणी गाळ पुढे नेतं, पण ओढ्याच्या तोंडाशी, खडकाच्या आडोशाला, माळाच्या खाचेत ते थबकतं आणि बारीक रेती, गाळ खाली बसतो. पूर ओसरतो, थर राहतो. आम्ही त्याला स्लॅकवॉटर डिपॉझिट म्हणतो. थर ज्या उंचीवर सापडला, निदान तेवढं पाणी चढलं होतं हे नक्की. त्याचं वय थरातल्या कोळशावरून काढता येतं, नाहीतर रेतीच्या कणांवरून. कणाने शेवटचा उजेड कधी पाहिला हे प्रयोगशाळा सांगू शकते. अशा पद्धतीने नोंद तीस-पस्तीस वर्षांवरून चार-पाच शतकांपर्यंत मागे नेता येते.

आता तुम्हीच सांगा. अशी नोंद हातात आली, त्यात लाल रेषेच्या वर आठ पूर दिसले, आणि पंधरा दिवसांत प्लॉटच्या चिठ्ठ्या निघणार. अशा वेळी कोण गप्प बसेल? प्रयोगशाळेला चार महिने लागतात. मी चार दिवससुद्धा थांबले नाही. जुन्या गटाला फोन केला, रात्रीत मजकूर लिहिला. "लाल रेषेचं ढोंग! माळावर आठ महापुरांचे पुरावे! बावीस कुटुंबांना एका पुरातून दुसऱ्यात ढकलणार?" आठवड्याच्या बाजारात पत्रकं वाटली गेली. त्याच आठवड्यात चिठ्ठ्या पुढे ढकलल्याची नोटीस लागली.

साटम सरांनी पत्रक टेबलावर ठेवलं, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "तू माझ्याकडे नोकरी करतेस की त्यांच्याकडे?"

मला ते लागलं नाही. मला वाटलं, जिंकलो.

दोन दिवसांनी मंगलाकाकी खड्ड्यावर आल्या. खालच्या वाडीतल्या. पन्नाशीच्या, काटक. नवरा वारलेला, मुलगा गोव्यात हॉटेलात, घरी त्या आणि अंथरुणाला खिळलेले सासरे. घरात पाणी शिरलं की सासऱ्यांना खाटेसकट उचलून शाळेत न्यावं लागतं. त्यांच्या हातात माझं पत्रक होतं, चार घड्या घातलेलं.

"ह्या तू लिवलंस?"

"होय काकी."

"खंय आसत तुझे आठ पूर? दाखव माका."

"काकी, सांभाळून. भिंत कोसळात."

"कोसळांदेत. माझा घर कोसळता तेचा कोणाक काय नाय, आणि हिका भिंतीचा पडला!"

असं म्हणत त्या साडी खोचून खड्ड्यात उतरल्यासुद्धा. मी पट्टे दाखवले. एकेका पट्ट्याला मी चिठ्ठी टोचून ठेवली होती: पूर एक, पूर दोन. काकींनी चिठ्ठ्यांकडे बघितलंच नाही. नखाने काळी रेघ खरवडली. बोटांत चोळली, थुंकी लावून परत चोळली, वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं.

"ह्या कोणाचा खळा गो?"

"खळा नाय काकी. गाळ आसा. न्हयेचो."

"न्हय शेणान सारवता?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! ही रेघ बघ. शेणात कोळशाची पूड घालून सारवलेला आसा. काळा दिसाक व्हया म्हणान. माझी सासू अशीच सारवीत होती. न्हय काय बसान सारवता? कमरेर हात ठेवन?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. न्हय म्हणजे नदी आणि खळं म्हणजे घरापुढचं अंगण. आमच्याकडे पावसाळ्यात ते धुपून जातं, गवत उगवतं. दिवाळीच्या सुमाराला ते नव्याने करतात. गवत तासायचं, नदीकाठची बारीक माती आणून पसरायची, पाणी मारायचं, चोपण्याने, म्हणजे लाकडी थापीने, चोपून चोपून घट्ट करायची आणि वरून शेणाने सारवायची. मग त्यावर भात झोडायचं, वाळवायचं. दरवर्षी एक थर. बारीक गाळ, वर काळी रेघ. बारीक गाळ, वर काळी रेघ.

"आठ पूर नाय गो बाये," काकी म्हणाल्या. "आठ वर्सा कोणीतरी हंय भात झोडल्यान."

मी वाद घातला. माळावर घर असल्याचं कोणालाच आठवत नाही. जोतं नाही, विहीर नाही. काकींनी खापराचा एक तुकडा मातीतून ओढून माझ्या हातात दिला. तो मी पाहिलेला होता. वहीत लिहिलं होतं: वाहून आलेलं असावं.

"पटना नाय तर चल माझ्या खळ्यात. काप आणि बघ."

गेले. भर दुपारी. काकींच्या खळ्याच्या कोपऱ्यात माझ्या लोखंडी थापीने विटेएवढा तुकडा कापला, उचलला आणि कडेने पाहिला. चार काळ्या रेघा. मध्ये दोन-दोन बोटं गाळ. भिंगातून पाहिलं. रेघेत कोळशाचे कण आणि भाताच्या पेंढ्याची आडवी दाबलेली काडी. माझ्या नमुन्यातही तीच काडी होती. मी तिला पुराने आणलेला पाचोळा म्हटलं होतं, आणि त्याच कोळशाचे नमुने तारखेसाठी बंद डब्यांत भरून ठेवले होते.

खळं मी जन्मापासून पाहिलंय. पण वरून! ते आडवं कापलेलं कधी पाहिलं नव्हतं. आणि मालवणात आमच्या दारात आता पेव्हर ब्लॉक आहेत. ते कोण सारवतो?

"बघलंस?" काकी म्हणाल्या. "आता बुजव ता. आणि चोप."

मी चोपणं घेतलं. दहा मिनिटांत तळहाताला फोड आले.

"जोरान चोप. पत्रकात कसा जोरान लिवलंस, तसा."

संध्याकाळी सरांना फोन केला. "सर, आठ पूर नाहीत."

"मग किती आहेत?"

"माहीत नाही."

"हं," सर म्हणाले. "आता तू कामाला लागलीस. उद्या लेखी मागे घ्यायचं. पण आधी खड्ड्यात परत जा. माणसांनी घर सोडलं ते का, तेही बघ."

गटातल्या एकाला सांगितलं तर तो म्हणाला, "कशाला सांगतेस कोणाला? माळ धोक्याचा आहेच असं तुलाही वाटतंय ना? मग आकडा कुठूनही येऊ दे." खरं सांगते, तासभर मला ते पटलं होतं. पण मग विचार आला, पट्टी वाहून गेली त्या वर्षी सरासरी भरणाऱ्यानेसुद्धा हेच म्हटलं असेल. आकडा कुठूनही येऊ दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यावर गेले तर काकी माझ्या आधी येऊन बसलेल्या. "बघूक इलंय," म्हणाल्या. "आज काय मोजतंस?"

या वेळी आम्ही खाली खणलं नाही, आडवं खणलं. सर्वात वरच्या खळ्याचा पृष्ठभाग खोलीएवढा उघडा केला. त्याच्या वर वीतभर राखाडी रेती होती. हा थर मी आधीही पाहिला होता. त्यात कोळसा नाही, काळी रेघ नाही, माझ्या आठ पट्ट्यांशी तो जुळत नव्हता, म्हणून मी त्याच्यापुढे "अलीकडची किरकोळ रेती" असं लिहून सोडून दिला होता. ती रेती ब्रशने काढता काढता खळ्यात गोल डाग दिसायला लागले. मनगटाएवढे जाड, एका रांगेत. मी डाग पोखरला. ते भोक होतं. हातभर खोल आणि तळापर्यंत त्याच राखाडी रेतीने गच्च भरलेलं.

"माटवाचे खड्डे," काकी म्हणाल्या. त्यांना क्षणही लागला नाही.

माटव म्हणजे खळ्यावर घालायचा मांडव. दिवाळीनंतर घालतात, पावसाच्या तोंडावर सोडतात. खांब उपटले की भोकं राहतात. नवीन खळं करताना ती मातीने बुजवली जातात. ही भोकं मातीने बुजवलेली नव्हती. म्हणजे खांब काढले, पावसाळा आला, रेती भरली, आणि त्यानंतर या खळ्यावर कोणी माती घातली नाही. कधीच.

काकी भोकाच्या काठावर बसल्या. चिमटीत राखाडी रेती घेतली. म्हणाल्या, "म्हणजे हंय पण इला पाणी."

"होय काकी. एकदा तरी."

"आणि आमका हंयच आणतत."

पण एका खळ्यावरून रेषा मारता येत नाही. आठ वेळा तोंड पोळलेलं होतं. माळाच्या चढाला सरळ रेषेत मी आणखी पाच खड्डे घेतले, जिथे माणसाच्या हाताची खूण नव्हती तिथे. तीच राखाडी रेती, तेवढीच बारीक, चढावर जाईल तशी पातळ होत गेलेली. वीतभर, चार बोटं, बोटभर. पाचव्या खड्ड्यात ती संपली. लेव्हल लावून उंची मोजली. रेती संपत होती ती जागा प्लॉटच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मधली. खालच्या दोन ओळी पाण्याखाली, वरच्या दोन कोरड्या.

मीटिंग तालुक्याच्या ठिकाणी झाली. इंजिनिअर साहेब, सरपंच, वाडीतली दहा-बारा माणसं, आम्ही दोघं. मी आधी मागे घेतल्याचा कागद वाचला. आठ पूर हा निष्कर्ष चुकीचा होता, ते अंगणाचे थर आहेत, पत्रक तारखा येण्याआधी काढलं, जबाबदारी माझी. मग एका पुराचा अहवाल वाचला.

साहेब खुर्चीत मागे रेलले. "मॅडम, बाजारात आठ. मीटिंगमध्ये एक. पुढच्या मीटिंगला शून्य का?"

लोक हसले. वाडीतलेसुद्धा हसले. हसणारच.

"आणि ही रेती पुराचीच कशावरून? कोणीतरी बांधकामाला आणून टाकली असेल. एकदा तुम्ही अंगणाला पूर म्हणालात. आता टाकलेल्या रेतीला म्हणताय."

प्रश्न रास्त होता. म्हणूनच जास्त चीड आली. मी पाच खड्ड्यांचा नकाशा काढत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून मंगलाकाकी उठल्या. ऑफिसात बोलायचं म्हणून त्यांनी पदर सारखा केला आणि शुद्ध मराठीत सुरुवात केली.

"साहेब, खळ्यावर रेती कोणी घालत नाही. भात झोडताना तांदळात खडे जातात." एवढ्यावर शुद्ध मराठी संपली. "कोणाक हौस आसा काय आपल्याच खळ्यार रेव घालूची? दात पडतले! तुमच्या बायलेक इचारा घराक जावन."

पुन्हा लोक हसले. या वेळी माझ्यावर नाही. साहेबांनी पाण्याचा ग्लास जवळ ओढला.

त्यानंतर साटम सर उभे राहिले. त्यांनी फळ्यावर एक रेषा मारली नाही, दोन मारल्या. म्हणाले, केंद्राची नोंद आणि हा एक जुना पूर एकत्र धरला तर शंभर वर्षांचा पूर या दोन रेषांच्या मध्ये कुठेतरी येतो. खालच्या दोन ओळी या पट्ट्यात आहेत. वरच्या दोन नाहीत.

"कुठेतरी म्हणजे? नक्की सांगा."

"नक्की हवं असेल तर तुमचा अहवाल आहे," सर म्हणाले. "त्यात सगळं नक्की आहे. वाहून गेलेल्या पट्टीचंसुद्धा."

एवढ्यावर साहेब विरघळले असं समजू नका. आणखी तीन पत्रं झाली, एक जागेवरची पाहणी झाली. शेवटी खालच्या दोन ओळी रद्द झाल्या आणि तेवढे प्लॉट वरच्या अंगाला, काजूच्या कलमांच्या बाजूला सरकवायचं ठरलं. नवी मोजणी, नवा नकाशा, नव्या सह्या. तोवर जून उजाडला.

जुलैत खालच्या वाडीत पाणी शिरलं. मी पहाटे पोचले तेव्हा काकींच्या सासऱ्यांची खाट बाहेर काढत होते. एका पायाला माणूस कमी होता, तो मी धरला. गुडघाभर पाण्यातून शाळेपर्यंत. म्हातारा डोळे मिटून पडलेला. मध्येच त्याने विचारलं, "ह्या कोणाचा चेडू?" म्हणजे, ही मुलगी कोणाची.

"माळार खड्डे मारता ता," काकी म्हणाल्या. पुढे काही जोडलं नाही. जोडलं असतं तर बरं वाटलं असतं.

दिवाळीनंतर चिठ्ठ्या निघाल्या. काकींना तिसरी ओळ मिळाली, रेती संपते तिच्या लगेच वरची. रेतीची तारीख त्याच सुमाराला आली: मराठी आरमाराच्या काळाच्या आसपासची, थोडी अलीकडे किंवा थोडी पलीकडे. कोळशाचे नमुने आम्ही पाठवलेच नाहीत. कोणी किती वर्षांपूर्वी अंगण सारवलं, एवढंच त्यातून कळलं असतं.

लोक मला समजुतीने सांगतात, तुझं पत्रक नसतं तर चिठ्ठ्या तेव्हाच निघाल्या असत्या आणि निम्मी घरं पुराच्या जागेत गेली असती. मी हे मान्य करत नाही. मी थांबले असते, काकींना आधी विचारलं असतं, तर तो एकच खरा पूर घेऊन चिठ्ठ्यांच्या आधी जाता आलं असतं. मध्ये दोन महिने माझं खोटं निस्तरण्यात गेले. त्या दोन महिन्यांत कदाचित एक पावसाळा वाचला असता. कदाचित नाही. पण समोरचा खोटा आकडा देतो म्हणून आपला आकडा आपोआप खरा ठरत नाही, हे मला कोणत्याही पत्रकाने शिकवलं नव्हतं.

आमच्या ऑफिसच्या खड्ड्याच्या फॉर्मात आता एक रकाना जास्त आहे: या जागी पूर्वी माणसांनी काय केलं, आणि हे कोणाला विचारलं. तो रकाना कोरा असला तर साटम सर सही करत नाहीत.